पाच मशीनं पुरतात का? बेळगावच्या नव्या एजंटांसाठी मतपडताळणीचं गणित

उमेदवाराचा एजंट म्हणून बूथवर पहिल्यांदाच बसणारी पोरं दर निवडणुकीला मला एकच प्रश्न विचारतात. "सर, आमच्या मतदारसंघात सव्वादोनशेच्या वर बूथ. मोजणी झाल्यावर त्यातली पाचच मशीनं काढून मतांच्या कागदी चिठ्ठ्या आकड्याशी जुळवतात. पाचावरून काय कळणार?" मी उलट विचारतो, "लीड किती?" पोरं चक्रावतात. लीडचा आणि तपासणीचा काय संबंध? पण सगळी मेख तिथंच आहे. ती एकदा कळली की उरलेलं गणित एका चहात होतं.

हे त्या पोरापोरींसाठी लिहितोय. खानापूरचे असा, निपाणीचे असा, उचगावचे असा. महाराष्ट्र एकीकरण समितीचे असा की राष्ट्रीय पक्षाचे, आकडेमोड तीच.

आधी कागद

संख्याशास्त्र नंतर. ज्याच्याशी ताडून बघायचं तो कागदच हातात नसेल तर पुढचं सगळं वाया.

मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी बूथवर हजर राहा. तेव्हा मॉक पोल (चाचणी मतदान) होतो. किमान ५० मतं टाकतात, मशीनचा आकडा आणि व्हीव्हीपॅटमधून (मशीनला जोडलेला, प्रत्येक मताची चिठ्ठी छापणारा प्रिंटर) पडलेल्या चिठ्ठ्या जुळवतात. मग दोन कामं व्हायला हवीत: मशीनवर 'क्लिअर' दाबून ती मतं पुसायची, आणि मॉक पोलच्या चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात सील करायच्या. दोन्ही डोळ्यांनी बघा, कुणी सांगितलं म्हणून मान डोलावू नका. मशीन आणि चिठ्ठ्या जुळत नाहीत अशी जी प्रकरणं पुढं निघतात, त्यांच्यामागं पुष्कळदा हाच सकाळच्या घाईतला विसर असतो.

दिवसभर मतदारांना एक सांगत राहा, अर्थात बूथच्या बाहेर आणि नियमात बसेल तेवढंच: बटण दाबल्यावर काचेआड चिठ्ठी ७ सेकंद दिसते, ती बघा. अनुक्रमांक, नाव, चिन्ह. मतदारानं बघितली नसेल तर त्या चिठ्ठीची साक्ष निम्मी उरते. आपण नंतर मोजणार ते हेच कागद.

संध्याकाळी मशीन बंद केल्यावर केंद्राध्यक्ष नमुना १७-सी चा पहिला भाग भरतात. त्या बूथला किती मतदार, रजिस्टरवर किती सह्या, मशीनमध्ये एकूण किती मतं, कोणत्या मशीनचा नंबर काय. याची प्रत एजंटला द्यायची असते. तो तुमचा हक्क आहे, मेहेरबानी नाही.

माझ्या पहिल्या खेपेला मी ती घेतली नाही. शेवटची बस चुकेल म्हणून सही ठोकली आणि निघालो. मोजणीच्या दिवशी आमच्या बूथचा आकडा पुकारला तेव्हा ताडून बघायला माझ्याकडे काही नव्हतं. शेजारच्या टेबलावर दुसऱ्या पक्षाचे एक काका बसले होते, पिशवीत घड्या घातलेले कागद. त्यांनी आपली प्रत माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाले, "लग्नाला यायचं आणि न जेवता जायचं, असं करतात व्हय रे?"

फॉर्म कन्नडमध्ये आला म्हणून गांगरायचं कारण नाही. मताला कन्नडमध्येही मतच म्हणतात. मतगट्टे म्हणजे बूथ, एणिके म्हणजे मोजणी, ओट्टू म्हणजे एकूण. एवढ्यावर निभावतं. मशीनचा नंबर मात्र एकेक अंक बोट ठेवून वाचा, कारण मोजणीला तेच मशीन टेबलावर आलंय की नाही हे त्यावरूनच ठरतं.

शीत आणि भात

शितावरून भाताची परीक्षा, हे आपण लहानपणापासून ऐकतो. येळ्ळूरच्या बासमतीचा भात घरच्या पातेल्यात असो की लग्नाच्या हंड्यात, चार शितं दाबून बघणारी बाई हंडा मोठा म्हणून जास्त शितं काढत नाही. संख्याशास्त्राचं पहिलं तत्त्व हेच: ढीग किती मोठा, याला फारसं महत्त्व नाही.

पण म्हणीत न सांगितलेल्या दोन अटी आहेत. एक म्हणजे भात सगळीकडे सारखा शिजलेला किंवा नीट ढवळलेला पाहिजे, आणि शीत न बघता उचललं पाहिजे. दुसरी अट जास्त महत्त्वाची. भात कच्चा की शिजलेला, हा फरक ढोबळ असतो, म्हणून चार शितांत भागतं. तांदूळ जुना की नवा, हे चार शितांवरून सांगायला बसलात तर तोंडघशी पडाल. फरक जितका बारीक, तितकी शितं जास्त. निवडणुकीत हा फरक म्हणजे लीड.

घरी करून बघा. झाकणाच्या डब्यात ६० वाटाणे आणि ४० हरभरे घ्या. वाटाणा जिंकलाय असं जाहीर झालंय, आपण तपासतोय. कागदावर १ लिहा. डबा हलवा, न बघता एक दाणा काढा. वाटाणा आला तर कागदावरच्या आकड्याला १.२ नं गुणा, हरभरा आला तर ०.८ नं. दाणा परत टाका, पुन्हा हलवा, पुन्हा काढा. आकडा १० वर गेला की थांबा, निकाल मान्य.

मी भाचीला बसवलं होतं. वाटाणा, १.२. वाटाणा, १.४४. हरभरा, १.१५. वाटाणा, १.३८. मग लागोपाठ दोन हरभरे आणि आकडा ०.८८ वर घसरला. "मामा, हे तर उलटं चाललंय!" चालू दे म्हटलं. घसरगुंडी होतेच. ६०-४० चा खेळ असेल तर सरासरी १२० च्या आसपास दाणे काढल्यावर आकडा दहाला पोहोचतो. (भाजलेले हरभरे घेऊ नका. आमच्याकडे डब्यातले कमी होत गेले.)

या दहाचा अर्थ काय? वाटाणा खरं तर जिंकलेला नसता, बरोबरीत असता किंवा हरलेला असता, तर नुसत्या नशिबानं आकडा दहापर्यंत चढण्याची शक्यता जास्तीत जास्त दहात एक. ती वीसात एक हवी असेल तर दहाऐवजी वीसला थांबा. आणि चढतच नसेल तर? मग सगळा डबा ओतायचा आणि एकेक दाणा मोजायचा. हा शेवटचा भाग गाळला तर बाकीच्याला अर्थ उरत नाही. चुकीचा निकाल तपासणीतून निसटण्याची शक्यता आधी ठरवलेल्या मर्यादेच्या आत ठेवायची, आणि पुरावा पुरेना झाला तर पूर्ण मोजणी करायची, याला रिस्क-लिमिटिंग ऑडिट म्हणतात.

आता डब्यात ५५ वाटाणे, ४५ हरभरे करा. गुणायचे आकडे १.१ आणि ०.९ होतात, आणि सरासरी ४७० दाणे लागतात. ५२ विरुद्ध ४८ असेल तर १.०४ आणि ०.९६, आणि दाणे २,९०० च्या घरात. डबा तेवढाच आहे. बदललं ते फक्त लीड. लीड निम्मं झालं की काम चौपट, असा ढोबळ हिशेब लक्षात ठेवा.

हे कुठं करतात

ही कल्पना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या फिलिप स्टार्क या संख्याशास्त्रज्ञानं २००८ साली मांडली. कोलोरॅडो राज्यानं २०१७ मध्ये ती राज्यभर लागू केली. तिथं मतपत्रिका कागदाची, मोजणी यंत्राची. कोणत्या मतपत्रिका काढायच्या ते ठरवायला लोकांसमोर दहा बाजूंचे फासे टाकून २० अंकी आकडा तयार करतात. तो आकडा संगणकाला दिला की मतपत्रिकांची यादी निघते, आणि तोच आकडा वापरून कुणीही घरी बसून तीच यादी काढू शकतो. फासे शेवटी टाकतात, मतपत्रिकांची नोंद आधी बंद करतात. हा क्रम उलटा झाला तर सगळं फुकट, कारण कोणती मतपत्रिका निघणार हे आधी कळलं की बाकीच्यांत हात घालायला रान मोकळं.

जॉर्जिया राज्यात २०२० ला अध्यक्षपदाची चुरस इतकी अटीतटीची झाली की नमुन्याचा आकडाच अवाढव्य निघाला असता. म्हणून त्यांनी सुमारे ५० लाख मतपत्रिका सगळ्याच हातानं मोजल्या. विजेता तोच राहिला. पण एका काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) अडीच हजारांवर मतपत्रिका यंत्रात घालायच्याच राहून गेल्याचं त्यात उघड झालं. माणसाचा विसर, आपल्या 'क्लिअर'सारखाच.

आपल्याकडची पद्धत

आपल्याकडे चिठ्ठ्यांचा एकच डबा नसतो. प्रत्येक बूथचा व्हीव्हीपॅट म्हणजे वेगळं झाकण लावलेला डबा. उघडायचा तर अख्खा उघडतात, एकेक चिठ्ठी मधूनच काढत नाहीत. त्यामुळं वाटाण्याचं गणित जसंच्या तसं लागत नाही, डब्यांचं गणित लागतं.

पूर्वी विधानसभेच्या एका मतदारसंघात एकच व्हीव्हीपॅट जुळवायचे. ८ एप्रिल २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं ते पाच केले. लोकसभेला प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली पाच. बेळगाव लोकसभेत आठ विधानसभा क्षेत्रं, म्हणजे ४०. चिकोडीतही तेवढीच. खानापूरकरांनी आणि कित्तूरकरांनी इथं चुकू नये: तुमचा जिल्हा बेळगाव असला तरी लोकसभेला तुम्ही उत्तर कन्नडात मोडता, तेव्हा लीडही तिकडचं धरायचं.

निवड सोडतीनं होते आणि ती बघण्यासारखी असते. पोस्टकार्डाएवढ्या पांढऱ्या कागदावर एकेका बूथचा नंबर, काळ्या शाईत, इंचभर मोठा. प्रत्येक कागदाची चौघडी, नंबर आत. सगळे एका भांड्यात टाकून हलवायचे आणि पाच उचलायचे. तुमचं काम घडी घालण्याआधीच सुरू होतं. सगळ्या बूथचे नंबर आहेत का, मोजा. कागद सारखे आहेत का, घड्या सारख्या आहेत का, भांडं खरंच हललं का. भात ढवळला की नाही, ते इथंच ठरतं. घाईची वेळ असते, सगळे दमलेले असतात, बाहेर गुलाल सुरू झालेला असतो. तरी बघा.

मग बँकेच्या कॅशियरच्या पिंजऱ्यासारख्या जाळीच्या कक्षात चिठ्ठ्या मोजतात. मशीनचा आकडा आणि चिठ्ठ्यांचा आकडा शेवटपर्यंत वेगळा निघाला तर नियमानुसार चिठ्ठ्यांचा आकडा धरतात.

पाचाची ताकद किती

आता पोरांच्या प्रश्नाचं खरं उत्तर. २३० बूथचा मतदारसंघ धरू. त्यातल्या ५ मशीनमध्ये गडबड आहे असं समजू. सोडतीत ५ निघाली. गडबडीचं एक तरी हाती लागण्याची शक्यता किती? दहा टक्क्यांच्या जेमतेम वर. म्हणजे दहातल्या नऊ वेळा पाचही मशीनं स्वच्छ निघतील आणि आपण टाळ्या वाजवून घरी जाऊ.

मग पाच कुचकामी? तसंही नाही. इथं लीड आणा. एका बूथवर कुणाला संशय न येता किती मतं इकडची तिकडं होऊ शकतील, याचा अंदाज धरू. १५० म्हणू. एकाची १५० कमी, दुसऱ्याची १५० जास्त, म्हणजे लीडमध्ये ३०० चा फरक. हा आकडा माझा अंदाज आहे, तुम्ही तुमचा धरा. लीडला ३०० नं भागा: निकाल फिरवायला किमान किती बूथ बिघडलेले हवेत, ते निघालं.

लीड ३०,००० असेल तर निकाल खोटा ठरायला १०० बूथ बिघडलेले असायला हवेत. २३० पैकी १०० बिघडलेले असतील तर ६ मशीनं उघडली तरी त्यातलं एक सापडण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या वर जाते. पाच जवळजवळ पुरली.

लीड ६,००० असेल तर २० बूथ पुरतात निकाल फिरायला. तेवढ्याच खात्रीसाठी ३१ मशीनं उघडावी लागतील. लीड १,५०० असेल तर ५ बूथ, आणि उघडायची मशीनं १०३. जवळजवळ निम्मा मतदारसंघ. लीड १६ असेल, २०२३ ला बेंगळुरूच्या जयनगरमध्ये होतं तसं, तर गणित करत बसू नका, सगळं मोजा. २००४ ला याच राज्यात संतेमरहळ्ळीची जागा एका मतानं गेली. तेव्हा व्हीव्हीपॅट नव्हतं, मोजायला कागदच नव्हता.

माझं म्हणणं एवढंच की पाच हा आकडा सगळ्यांना सारखा लावणं ही गल्लत आहे. तीस हजारांच्या लीडला जी तपासणी पुरते तीच दीड हजाराला पुरवणं म्हणजे हंड्याचं माप चमच्याला लावणं. गंमत अशी की लीड बघून ठरवायची समज आयोगाच्या नियमांत आहेच. एखादं मशीन मोजणीत आकडा दाखवेना झालं, तर ते बाजूला ठेवतात, आणि अशा मशीनमधली एकूण मतं लीडपेक्षा कमी असतील तर त्यांच्या चिठ्ठ्या मोजायची गरज पडत नाही. हीच अक्कल थोडी पुढं नेली की झालं.

कुणीतरी तुम्हाला ४७९ हा आकडा तोंडावर फेकेल. तो खोटा नाही. २०१९ ला भारतीय सांख्यिकी संस्थेच्या समितीनं आयोगाला सांगितलं की देशभरातून ४७९ मशीनं तपासली तरी खात्री ९९ टक्क्यांच्या वर जाते. कॅल्क्युलेटरवर करून बघा: देशातली २ टक्के मशीनं बिघडलेली असतील, तर ४७९ मध्ये एकही न सापडण्याची शक्यता ०.९८ चा ४७९ वा घात, म्हणजे लाखात सहाच्या आसपास. गणित चोख आहे. प्रश्न कोणत्या हंड्याचा, हा आहे. देशाच्या हंड्याबद्दल ते खरं. आपल्याला विचारायचंय खानापूरच्या पातेल्याबद्दल, आणि त्या ४७९ मध्ये खानापूरचं एकही मशीन नसू शकतं.

बेळगावचंच एक उदाहरण

२०२१ ची बेळगाव लोकसभा पोटनिवडणूक आठवत असेल. मोजणी होती त्या आरपीडी कॉलेजात फेरीगणिक पारडं इकडून तिकडं झुकत होतं. भाजपच्या मंगला अंगडी शेवटी ५,२४० मतांनी आल्या. त्यांना आणि काँग्रेसच्या सतीश जारकीहोळींना मिळून पावणेनऊ लाखांच्या आसपास मतं; समितीच्या उमेदवारानं एक लाख सतरा हजार घेतली ती वेगळी.

इथं काही काळंबेरं झालं असं मी म्हणत नाही. फक्त गणित करू. ५,२४० ला ३०० नं भागलं की १८ बूथ. बूथ दोन हजार धरले तरी ४० मशीनच्या सोडतीत त्या १८ पैकी एक तरी येण्याची शक्यता तीस टक्क्यांच्या आसपास. ९५ टक्के खात्री हवी असेल तर तीनशेच्या वर मशीनं उघडावी लागतील. वाटाण्याच्या पद्धतीनं एकेक चिठ्ठी काढत गेलं असतं तर सरासरी दीड लाखाच्या घरात चिठ्ठ्या. लीड अर्ध्या टक्क्याचं असलं की असंच होतं.

उमेदवार जास्त असले तर? विजेत्याची प्रत्येकाशी वेगळी जोडी लावायची, पण जड जाते ती दुसऱ्या नंबरची. १९९६ ला बेळगाव लोकसभेला ४५६ उमेदवार उभे होते. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष वेधायला समितीनं ती शक्कल काढली होती. मतपत्रिका कसली, वहीच ती. त्याच वर्षी लोकसभेची अनामत ५०० वरून १०,००० झाली. पण तेव्हाही पडताळणी करायची म्हटली असती तर ४५५ जोड्यांतली खरी डोकेदुखी एक-दोनच.

शंका आली तर

लीड कमी आहे आणि आकडे खटकतायत, तर निकाल जाहीर व्हायच्या आधी उमेदवार, त्याचा निवडणूक एजंट किंवा काउंटिंग एजंट चिठ्ठ्या मोजण्यासाठी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करू शकतो. नियम ५६-डी. अर्ज मान्य करायचा की नाही ते अधिकारी ठरवतो, म्हणून "आम्हाला संशय आहे" असं मोघम लिहू नका. बूथ नंबर, १७-सी वरचा आकडा, टेबलावरचा आकडा, फरक. आणि लीड किती, त्याला किती बूथ पुरतात, ही वरची भागाकाराची ओळ.

२६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या चिठ्ठ्या मोजायची मागणी फेटाळली, पण एक दार उघडलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाचा उमेदवार निकालानंतर ७ दिवसांत लेखी मागणी करून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या ५ टक्के यंत्रांच्या मायक्रोकंट्रोलरची (यंत्र चालवणाऱ्या चिपची) तपासणी करून घेऊ शकतो. खर्च त्यानं भरायचा, छेडछाड निघाली तर परत मिळतो. निवडणूक याचिकेची मुदत ४५ दिवस.

आणि एक. या सगळ्यातून कळतं ते इतकंच की पडलेली मतं नीट मोजली का. यादीतून नाव गेलं, नोटा वाटल्या, कुणाला बूथपर्यंत येऊच दिलं नाही, यातलं काहीही वाटाण्याच्या डब्यात दिसत नाही. त्याच्या तक्रारी वेगळ्या, वेळही वेगळी.

मोजणीच्या हॉलमध्ये मोबाईल नेऊ देत नाहीत, तेव्हा कॅल्क्युलेटर मिळणार नाही. आदल्या रात्री कोऱ्या कागदावर लिहून ठेवा: आपले बूथ किती, ३०,००० ला ६, ६,००० ला ३१, १,५०० ला १०३. तुमच्याकडे बूथ २३० नसतील तर आकडे थोडे सरकतील, अंदाजाला पुरतात. सोबत १७-सी च्या सगळ्या प्रती, बूथच्या क्रमानं लावलेल्या, आणि पेनं दोन. एक कुणीतरी मागून घेतं आणि परत देत नाही.